दहा हजार वाचक विकत घेतले, फोन एकाचाही आला नाही

वरूड तालुक्यात आमचा तीन एकरांचा संत्र्याचा बगीचा आहे आणि बाजूला अर्ध्या एकराची पन्हेरी, म्हणजे कलमांची रोपवाटिका. कृषी पदविका करून मी या घरात आले. चार वर्षांपासून संत्र्यावर मराठीत लिहिते, स्वतःच्या ब्लॉगवर. संत्र्याचा डोळा ज्यावर बांधतात तो खुंट जंबेरीचा घ्यावा की रंगपूर लाईमचा, डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) दिसला की पहिल्यांदा काय करावं, काळी माशी वाढली की पानांवर कोळशी का चढते, असे विषय. लिखाण खरं आणि वापरलेलं असतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे बोर्डो पेस्टचं प्रमाण लिहिण्याआधी मी स्वतः पाच वर्षं झाडांच्या बुंध्याला ती लावलेली आहे.

पण वाचणारे दिवसाला चाळीस-पन्नास. ऑगस्टात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेल्या फळांची, गळ सुरू झाली, आठवडाभर पाऊस उघडला नाही, आणि मी रात्री बसून फळगळीवर मोठा लेख लिहिला. देठसडीची गळ कशी ओळखायची, रस शोषणाऱ्या पतंगाची कशी, झाडाला ताण बसल्याने होणारी कशी. पतंगाचं काम रात्रीचं असतं, म्हणून तिन्हीसांजेला बगीच्यात धूर करावा लागतो. हे आठ दिवस उशिरा वाचून उपयोग नाही, तोवर झाडाखाली सडा पडलेला असतो. तो लेख पहिल्या दिवशी त्रेसष्ट जणांनी उघडला. मला रडू आलं होतं. पुढे जे झालं त्याची सुरुवात या घाईत आहे. मला पैसे कमवायचे नव्हते, लेख वेळेत पोहोचवायचा होता. समोरच्याने ती घाई बरोबर ओळखली.

त्याचा मेसेज व्हॉट्सॲपवर आला. "मॅडम, तुमचा कंटेंट एक नंबर आहे, फक्त रीच नाही." माझ्या लेखातली दोन वाक्यंही त्याने उतरवून पाठवली होती, म्हणून मला वाटलं याने खरंच वाचलंय. छोट्या लेखकांसाठी कमी बजेटचं पॅकेज आहे म्हणाला. १,४९९ रुपयांत दहा हजार व्ह्यू, सात दिवसांत. मी विचारलं, वाचणारे कुठले असतील? "ऑल महाराष्ट्र, मॅडम, टार्गेटेड." बिल मागितलं तर म्हणाला, पॅकेज पूर्ण झाल्यावर एकत्र मिळेल. पैसे यूपीआयने गेले, एका माणसाच्या खासगी खात्यात, आणि खात्यावरचं नाव त्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हतं. ते मला दिसलं होतं. तरी मी पैसे पाठवले.

आमच्याकडे व्यापारी बगीचा पाहायला येतो तेव्हा इसार हातात पडल्याशिवाय आम्ही त्याला एक फळ तोडू देत नाही. माल आपला असून पैसे आधी घेतो. इथे माझ्या हातात काहीच नव्हतं आणि पूर्ण रक्कम मी आधी देऊन मोकळी झाले. बिलाशिवाय बियाणं घेऊ नका, चोर बीटीच्या (परवानगी नसलेल्या कपाशी बियाण्याच्या) नादी लागू नका, पिशवीवरचा टॅग आणि लॉट नंबर जपून ठेवा, हे मी दर उन्हाळ्यात लिहिते. तोच नियम या खरेदीला लावायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी आकडा उडाला. पन्नासचे अकराशे, मग दोन हजार. मी नवऱ्याला उठवून दाखवलं. त्याच संध्याकाळी त्या माणसाचा फोन: रिझल्ट बघितला ना, आता मोठं पॅकेज घ्या, ४,९९९ मध्ये गूगलच्या पहिल्या पानावर गॅरंटी आणि पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून माझ्या पानाकडे येणाऱ्या लिंक. दिवाळीच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी दिले.

दोन दिवसांनी त्याने स्क्रीनशॉट पाठवला. गूगलवर माझा लेख सगळ्यात वर. त्यात त्याने काय शोधलं होतं ते मी नीट वाचलं नाही. नंतर वाचलं: 'संत्रा आंबिया बहार फळगळ पतंग धूर वरूड माहिती मराठी लेख'. एवढं लांबलचक कोणता शेतकरी टाईप करेल? माझ्याच शीर्षकातले शब्द जोडून शोधल्यावर माझाच लेख वर येणार, त्यात कुणाचं काही कसब नाही. गूगलचं सर्च कन्सोल फुकट असतं. कोणते शब्द शोधल्यावर आपलं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी उघडलं, ते तिथे दिसतं. त्या ओळीपुढे आकडा होता तीन. त्या तिनांतला एक तो स्वतः असणार. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलने आपल्या माहितीत स्पष्ट लिहून ठेवलं आहे. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं तर त्यांच्या नियमांविरुद्धच आहे. म्हणजे मी पैसे देऊन माझ्याच पानाला धोका विकत घेतला होता. हे सगळं मी पैसे दिल्यानंतर वाचलं.

संशय आला तो फोनमुळे. माझ्या प्रत्येक लेखाखाली माझा नंबर असतो. चाळीस वाचक असायचे तेव्हा आठवड्याला दोन-तीन फोन ठरलेले: ताई, पान पिवळं पडतंय, ताई, फोटो पाठवतो, पाहा. आकडा दोन हजारांवर गेला आणि नऊ दिवसांत एकही फोन आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "इतके लोकं वाचून राहिले म्हंतं, मंग एकही कावून इचारत नाही?" त्यांनी आयुष्यात कधी इंटरनेट उघडलेलं नाही. प्रश्न मात्र नेमका त्यांनीच विचारला.

मग मी ॲनालिटिक्स, म्हणजे ब्लॉगवर कोण कुठून येतं ते दाखवणारं गूगलचं साधन, उघडलं, जे पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं. शहरांच्या यादीत वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड खाली गेले होते. सगळ्यात वर ॲशबर्न. मी शोधलं, ॲशबर्न म्हणजे काय. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं गाव, जिथे मोठमोठी डेटा सेंटर आहेत. तिथे संत्र्याच्या फळगळीवर मराठी लेख वाचणारे दोन हजार लोक राहत नाहीत. ती यंत्रं होती. पान उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. माझे खरे वाचक लेखावर सरासरी तीन मिनिटं थांबत होते. या नव्यांचा थांबण्याचा वेळ शून्य सेकंद. कुणी खाली सरकवलंही नव्हतं.

कुणाकडूनही वाचक घेतले असतील तर एकूण आकडा बाजूला ठेवा. आलेले लोक कोणत्या गावाचे, किती वेळ थांबले, कुठून आले, ही तीन घरं पाहा. पाच मिनिटं लागतात आणि एक रुपया लागत नाही.

माझ्या ब्लॉगवर गूगलच्या ॲडसेन्स सेवेच्या जाहिराती होत्या. शंभर डॉलर जमले की पैसे खात्यात येतात, मी चार वर्षांत बासष्टपर्यंत पोहोचले होते. बनावट भेटी विकणाऱ्या सेवा वापरायच्या नाहीत हा त्यांचा नियम आहे आणि तो योग्यच आहे, कारण जाहिरात देणाऱ्याचे पैसे यंत्रांवर फुकट जातात. माझ्या जाहिरातींवर मर्यादा आली आणि त्या महिन्याची बरीचशी रक्कम वजा झाली. ते नुकसान मी सोसलं. पुढचं मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मोठं पॅकेज घेताना त्याने माझ्या फेसबुक पेजचा ताबा मागितला होता. जाहिरात लावायला ॲक्सेस लागतो म्हणाला. मी त्याला पूर्ण नियंत्रण दिलं. फेसबुकवर दुसऱ्याला फक्त जाहिरातीपुरती परवानगी देता येते, त्यात तो आपल्याला काढू शकत नाही. पूर्ण नियंत्रण दिलं की तो काढू शकतो. मी बिल आणि पैसे परत मागायला लागले त्या रात्री त्याने मला माझ्याच पेजवरून काढलं. दोन हजार तीनशे लोक होते त्या पेजवर, बहुतेक सगळे संत्रापट्ट्यातले. कितीतरी जणांना मी आवाजावरून ओळखते.

पंधरा दिवसांनी नरखेडकडून एका काकांचा फोन आला. "ताई, कलमा कवा धाडता? पैसे टाकून आठ दिस झाले." मला काहीच कळेना. त्यांनी फोटो पाठवला. माझ्या पेजवर, माझ्या पन्हेरीच्या फोटोसकट पोस्ट होती: रंगपूर लाईम खुंटावरच्या कलमा, आगाऊ बुकिंगवर निम्मी किंमत, इतके दिवसच. खाली एक यूपीआय नंबर, माझा नाही. काकांनी दोन हजार भरले होते. मी सांगितलं की ती पोस्ट माझी नाही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचं नाव पाहूनच त भरले ना बाप्पा."

मी हे लिहिते आहे ते या वाक्यासाठी. माझे साडेसहा हजार गेले, ते मी पुढच्या बहारात काढीन. पण त्या माणसाने माझं नाव वापरून माझ्या वाचकाला लुटलं, आणि ते दार मी माझ्या हाताने उघडून दिलं होतं. लेख पसरवायला कुणाची मदत घेत असाल तर पैशांआधी हा विचार करा की तुमच्या नावावर कोण विश्वास ठेवून आहे, आणि तो विश्वास तुम्ही कुणाच्या हातात देताय.

१९३० या सायबर हेल्पलाईनवर मी फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. काकांनाही करायला लावली, त्यांच्या मुलाला शेजारी बसवून. माझी पहिली रक्कम जाऊन तोवर महिना उलटला होता. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात. माझे केव्हाच पुढे गेले होते. म्हणून शंका आली त्याच तासाला फोन करा, लाज वाटली तरी करा. मी नऊ दिवस फक्त लाजेने गप्प होते. चॅट, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, पेजवरून काढल्याचा ईमेल, हे सगळं जपून ठेवा. मी रागात अर्धं चॅट पुसलं होतं, ते तक्रारीत कामाला आलं असतं. पेज परक्याच्या हाती गेल्याचं फेसबुकला कळवलं आणि ओळखीच्या शंभरेक लोकांनाही तक्रार करायला लावली. शेवटी ते पेज बंद झालं. माझं परत मिळालं नाही.

आता खर्चाचं. त्याच लेखावर मी नंतर सहाशे रुपये खर्च केले, यावेळी स्वतःच्या हाताने. वरूडमध्ये क्यूआर कोड असलेल्या दोनशे चिठ्ठ्या छापल्या. वर एवढंच: 'फळगळ कोणती, ते ओळखा.' चार कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर ठेवल्या, कारण फळगळ सुरू झाली की माणूस पहिले तिथेच जातो. नव्या पेजवरून तीन दिवस रोज शंभर रुपयांची जाहिरात मीच लावली, फक्त वरूड, मोर्शी, काटोल आणि नरखेडपुरती. पैसे थेट फेसबुकला गेले आणि पावती ईमेलवर आली. आणि लेखाचा गाभा दोन मिनिटांच्या आवाजात रेकॉर्ड करून संत्रा उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकला, याला काही लागलं नाही. सगळ्यात जास्त चालला तो आवाज. साठीच्या पुढचे कास्तकार बारीक अक्षर वाचत नाहीत, वावरात फोन कानाला लावून ऐकतात. आठवड्यात एकशे चाळीस जणांनी लेख उघडला. फोन अकरा आले. त्यातल्या एका ताईंची गळ देठसडीची होती आणि त्या पतंगाच्या औषधावर पैसे घालवत होत्या.

काकांच्या दोन हजारांच्या कलमा मी आमच्या पन्हेरीतून दिल्या. माझी चूक नाही असं घरात दोघांनी म्हटलं, पण मला तसं वाटत नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडी ते मुलाला घेऊन छोटा हत्ती गाडीने आले. कलमा एकेक करून पाहिल्या, डोळा खुंटावर किती उंच बांधलाय ते वीतेने मोजलं. मी चहा आणला तर म्हणाले, आधी पावती लिहा. मी नावासकट, तारखेसकट, खुंटाच्या जातीसकट लिहून दिली. त्यांनी ती दोनदा वाचून मुलाच्या हातात दिली आणि मग चहा घेतला.