नियमित जामीन की डिफॉल्ट जामीन?

भाऊ कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आहे, अटकेला दीड महिना झाला. नियमित जामिनासाठी आताच अर्ज करावा की दोषारोपपत्राची मुदत संपेपर्यंत थांबावे, असे एका परिचितांनी विचारले.

नियमित जामिनात न्यायालय गुन्ह्याचे गांभीर्य, पळून जाण्याची शक्यता, साक्षीदारांवर दबाव येण्याची भीती हे सारे तोलते आणि निर्णय त्याच्या विवेकावर राहतो. डिफॉल्ट जामिनात यातले काहीच पाहिले जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच ठरतो. (काही विशेष कायद्यांत मुदत वेगळी आहे.) मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झाले की तो संपतो, म्हणून मुदत उलटताच सकाळी वकिलांनी अर्ज घेऊन कोर्टात हजर असावे.

खर्चात फरक थोडा. जामीनदार आणि त्याचा सातबारा दोन्हीकडे लागू शकतो. नियमित अर्ज फेटाळला गेला, तर वरची न्यायालये आहेत, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने मुंबईची वारी वाचते.

एक अर्ज केल्याने दुसरा बाद होत नाही, आणि दोष सिद्ध न झालेला माणूस निव्वळ वाट पाहण्यापायी तुरुंगात राहावा, हे मला मुळीच पटत नाही. पुरावा कागदोपत्री असेल आणि पत्ता कायमचा असेल, तर आजच नियमित अर्ज करावा. गुन्हा गंभीर आणि तपास रेंगाळलेला असेल, तर रिमांडची तारीख मोजून डिफॉल्टचा अर्ज तयार ठेवावा.