नोकरीचा करार तपासून देणारी सेवा : शुल्काच्या कलमापुरता अनुभव

सही करण्यापूर्वी नोकरीचा करार वाचून देणारी एक ऑनलाइन सेवा मी नुकतीच वापरली. माझ्या करारात पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचे व्यावसायिक प्रमाणपत्र सतत वैध ठेवण्याची अट होती. खर्च कोणाचा, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हते. तपासणाऱ्या वकीलबाईंनी नेमके तिथेच बोट ठेवले. या प्रमाणपत्राचे दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे ६० गुण जमवावे लागतात. त्यामुळे ‘शुल्क कंपनी देईल’ एवढ्यावर भागत नाही, तर नूतनीकरण, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व, प्रशिक्षण आणि त्यासाठीची भरपगारी रजा यांचा वेगवेगळा उल्लेख हवा, असे त्यांनी समासात लिहून दिले. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास संपूर्ण रक्कम परत मागण्याऐवजी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात वसुली व्हावी, अशी दुरुस्तीही त्यांनी सुचवली. (कंपनीने ती विनातक्रार मान्य केली, याचे मला अजून नवल वाटते.) उणीव एकच, पण लहान नव्हे: प्रसूतीच्या किंवा दीर्घ आजाराच्या रजेत शुल्क कोणी भरायचे, हा मुद्दा मलाच काढावा लागला आणि त्याचे उत्तर यायला चार दिवस लागले.