इंग्लंडातल्या स्लाऊमधली भाड्याच्या घरांची एजन्सी: घर छान, माणसं मोजण्यात कच्ची

पाचपैकी तीन तारे. घर दाखवायला आलेल्या मुलीला पाच, अर्ज तपासणाऱ्या टेबलाला एक, तेव्हा तीनवर मिटवते. एजन्सीचं नाव लिहीत नाही.

फ्लॅट दोन बेडरूमचा. जिना अंधारा, पण आत भरपूर ऊन. राहणार कोण, तर आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक, आठ महिन्यांचं बाळ आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या सासूबाई. अर्जात हे सगळं आधीच लिहिलं होतं. दोन दिवसांनी मेल आली: दोन बेडरूममध्ये कायद्याने चारच माणसं राहू शकतात, तुम्ही पाच आहात. वर छोट्या खोलीत एकच माणूस झोपू शकतो म्हणे.

फोन करून विचारलं, कुठला कायदा? "कौन्सिलचा." कौन्सिलचा कुठला? "आमची पॉलिसी आहे." बरं.

इंग्लंडमध्ये घरात गर्दी कधी झाली म्हणायची, ते १९८५च्या हाउसिंग ॲक्टमध्ये लिहिलंय. एकदा खोल्यांवरून मोजायचं, एकदा क्षेत्रफळावरून, आणि जो आकडा कमी येईल तो धरायचा. यात हॉलसुद्धा झोपायची खोली धरतात, हे एजंट लोक सोयीस्कर विसरतात. तीन खोल्यांना पाच माणसं चालतात. क्षेत्रफळाने ११० चौरस फुटांच्या किंवा मोठ्या खोलीला दोन, ७० ते ९०च्या मधल्या खोलीला एक, ५०च्या आतली खोली धरायचीच नाही. वर्षाच्या आतलं बाळ मोजत नाहीत आणि दहाच्या आतलं मूल अर्धं.

दुसऱ्यांदा घर बघायला गेलो तेव्हा नवऱ्याने खिशात टेप नेली. मोठी बेडरूम १२ बाय ११, छोटी ९ बाय ८, हॉल १५ बाय १२. दोन, एक आणि दोन, झाले पाच. आणि आमचं अख्खं खटलं सासूबाईंना धरून साडेतीन! (लेक तेव्हापासून जेवताना "मी अर्धीच आहे" म्हणून पोळी अर्धी टाकते, ते वेगळं.) त्यातून घरचं माणूस तात्पुरतं पाहुणं म्हणून आल्यामुळे आकडा ओलांडला गेला, तरी तो गुन्हा धरत नाहीत.

छोट्या खोलीचं कोडंही सुटलं. दहा वर्षांवरच्या एका माणसाला किमान ६.५१ चौरस मीटरची झोपायची खोली हवी, हा नियम आहे खरा, ऑक्टोबर २०१८पासून. पण तो लायसन्स लागणाऱ्या शेअरिंगच्या घरांना. वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त जण एका घरात राहतात, विद्यार्थी वगैरे, त्यांच्यासाठी. आजी-नातवंडं कायद्याने एकच कुटुंब. टेबलावरच्या साहेबांनी दोन्ही नियमांची खिचडी करून आमच्या ताटात वाढली होती.

हे सगळं मोजमापांसकट मेलवर पाठवलं. खाली लिहिलं, मालकालाच चार माणसं हवी असतील तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही दुसरं घर बघतो, पण कायद्याचं नाव पुढे करू नका. मग मॅनेजरबाईंचा फोन आला. त्यांनी मालकाला विचारलं होतं. त्याने चारची अट घातलीच नव्हती! बाईंनी माफी मागितली, आणि करारात राहणाऱ्यांच्या यादीत सासूबाईंचं नाव आलं.

पुढचं सगळं सुरळीत. डिपॉझिट पाच आठवड्यांचं भाडं, म्हणजे कायद्याने घेता येतं तेवढंच. सामानाच्या यादीत भिंतीवरच्या ओरखड्याचासुद्धा फोटो. नोव्हेंबरात बॉयलर बंद पडला तर माणूस त्याच संध्याकाळी हजर.

मात्र त्यांच्या अर्जावर "दोन बेडरूम: कमाल ४ व्यक्ती" ही ओळ अजून तशीच छापलेली आहे. घरात लहान मुलं असतील किंवा गावाहून कुणी यायचं असेल, तर थेट मॅनेजरबाईंशी बोला आणि जे ठरेल ते मेलवर लिहून घ्या.