स्वयंसूचनांचा ऑडिओ घरी बनवायला ऑडॅसिटी पुरतं का?

स्वयंसूचना म्हणजे स्वतःला सुधारण्यासाठी स्वतःच्याच आवाजात ऐकायची छोटी वाक्यं. त्यांना ऑडॅसिटी पुरतं, आणि पैसाही लागत नाही. २००० सालापासून चालत आलेलं, आवाज रेकॉर्ड करून त्यावर काटछाट करायचं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. मोबाइलवर चालत नाही, म्हणून पाचपैकी चार तारे. पावसाच्या आवाजाखाली वाक्यं दडवलेले तयार ‘सबलिमिनल’ ट्रॅक ढिगाने मिळतात, पण त्यात नेमकं काय दडवलंय, किंवा काही दडवलंय तरी का, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. स्वतः बनवलं की निदान तेवढी खात्री असते.

आधी अपेक्षा जागेवर आणू. १९९१ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी स्मरणशक्तीच्या आणि आत्मविश्वासाच्या सबलिमिनल कॅसेटींची लेबलं काही जणांसाठी मुद्दाम अदलाबदल केली. लोकांना सुधारणा जाणवली ती लेबलावर लिहिलं होतं त्यात. मोजमापात कॅसेटीतल्या मजकुराचा परिणाम दिसला नाही. म्हणून वाक्यं पूर्ण गाडून टाकण्यात अर्थ नाही. लक्ष दिलं तर ऐकू यावीत, नाही दिलं तर पावसात विरघळावीत, इतपत पातळी धरा. हे ऑडॅसिटीत उत्तम जमतं.

बडोद्यात खरी अडचण रेकॉर्डिंगची. दांडिया बाजारातल्या रस्त्याकडेच्या खोलीत रिक्षांचे हॉर्न थेट माइकमध्ये येतात, आणि नवरात्राच्या नऊ रात्री तर हे काम काढूच नये. पहाटे पंखा बंद करून, कपड्यांचं कपाट सताड उघडून त्याकडे तोंड करून बोला. साड्या आणि गोधड्या आवाजाचा घुमारा शोषून घेतात. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटका बसतो. मरीमाताच्या खांच्यातून, म्हणजे इथल्या मोबाइलच्या बाजारातून, कॉलर माइक आणणार असाल तर पिन बघून घ्या. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर तो मोबाइलचा. माइकचं वेगळं भोक असलेल्या जुन्या लॅपटॉपला बहुधा कळतच नाही. दोन रेघांचा घ्या किंवा सोबत जोडणीची पिन (अ‍ॅडॉप्टर) घ्या. मोबाइलवरच रेकॉर्ड केलंत तर एम४ए फाइल विंडोजवरच्या ऑडॅसिटीत एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर बसवल्याशिवाय उघडत नाही. नवखे इथेच अडकतात.

वाक्यं बारा पुरेत. दुकानात गुजराती आणि घरात मराठी बोलणाऱ्यांनी मनातल्या मनात स्वतःशी ज्या भाषेत बोलतो तीच घ्यावी. नकार टाळा, आणि याला मराठीपुरतं एक खास कारण आहे: आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि शेवटाकडे आवाज पडतो. ‘मी घाबरत नाही’ पावसाखाली ठेवलं की ‘मी घाबरत’ एवढंच वर तरंगतं. ‘मी शांतपणे बोलते’ हे बरं. फुगवलेली वाक्यंही नकोत. जोआन वुड यांच्या २००९ च्या अभ्यासात, स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकून उलट जास्त वाईट वाटलं. ‘मी रोज वीस मिनिटं चालतो’ हे मनाला पटतं, ‘मी अजिंक्य आहे’ पटत नाही.

आता कृती. मोनो (एकपदरी) ट्रॅक, ४४१०० हर्ट्झ. बोलताना मीटरचे उंचवटे उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहा. तेवढाच तुकडा निवडून नॉइज रिडक्शन या घरघर कमी करणाऱ्या इफेक्टमध्ये त्याचं प्रोफाइल, म्हणजे घरघरीचा नमुना, घ्या, मग पूर्ण ट्रॅकला १२ डेसिबल लावा. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो, आणि तो नंतर कशानेही सुधारत नाही. मग गप्प राहिलेला तुकडा कापून टाका. प्रत्येक वाक्य चार सेकंद, मध्ये तीन सेकंद मोकळे. बारा वाक्यांचे ८४ सेकंद झाले. रिपीट इफेक्टमध्ये १९ लिहा, २० नव्हे, कारण तो आकडा मूळ तुकड्यावर किती वेळा भर घालायची याचा असतो. एकूण २८ मिनिटं होतात. वाक्यं दुपटीहून जास्त वेगाने पळवण्याची टूम सोडून द्या, जोडाक्षरांचा पार चिखल होतो.

पार्श्वभूमीला काय घ्यावं? १८८६ पासूनची गायनशाळा ज्या गावात आहे तिथे तानपुरा सुचणं साहजिकच. पण तानपुऱ्याचा जोर खालच्या-मधल्या पट्टीत असतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची सळसळ वरच्या पट्टीत. त्यामुळे स्वर झाकले जातात आणि फक्त सूं-सूं ऐकू येत राहतं, जे फार त्रासदायक. पावसाचा आवाज किंवा जनरेट मेनूतला पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसुरी खळखळाट) सगळ्या पट्ट्या झाकतो. तानपुरा हवाच असेल तर त्याच्या जोडीला थोडा नॉइज मिसळा.

पातळी कानाने ठरवू नका. दहा मिनिटांत कान सरावतो आणि काय बोललंय हे आधीच माहीत असल्यामुळे आपल्याला ते ऐकूच येतं. अ‍ॅनालाइज मेनूत कॉन्ट्रास्ट नावाचं साधन आहे. ते मुळात बोलणं पार्श्वभूमीपेक्षा पुरेसं मोठं आहे ना, हे तपासायला केलेलं. इथे उलटं वापरायचं. एकच वाक्य निवडून मोजा, मग नॉइज मोजा. वाक्यांमधली शांतता निवडीत आली की सरासरी खाली घसरते आणि हिशेब चुकतो. आवाज नॉइजपेक्षा सहा डेसिबल खाली असेल तर शब्द लागतात, दहावर कुजबुज उरते, वीसवर काहीच नाही. सहा ते आठ ठेवा. दोन ट्रॅक एकत्र झाल्यावर मीटर लाल झाला तर मिक्स करून उणे ३ डेसिबलला नॉर्मलाइज करा, म्हणजे सर्वात मोठा उंचवटा तिथे आणा.

प्रोजेक्ट फाइल जड होते. फक्त नॉइजचा २८ मिनिटांचा ट्रॅकच ३०० एमबीच्या आसपास जातो. ती पेनड्राइव्हवर उघडून काम करू नका. शेवटची फाइल वेव्हमध्ये (न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही स्वरूपात) काढा, मोनोत सुमारे १५० एमबी होते. एमपी३ चं तत्त्वच असं की मोठ्या आवाजाखाली झाकलेलं कानाला लागणार नाही असं धरून त्यावर कमीत कमी डेटा खर्च करायचा. म्हणजे जे दडवलंत, नेमकी त्याचीच काटछाट होते. काढायचीच तर १९२ केबीपीएसच्या खाली नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

‘सायलेंट सबलिमिनल’ मात्र आमच्या मते वेळेचा अपव्यय. बोलणं १४ ते २० हजार हर्ट्झच्या लहरीवर चढवायची ही युक्ती. १९९२ साली अमेरिकेत तिला पेटंटही मिळालं. पण पेटंट म्हणजे परिणामाचा पुरावा नव्हे, आणि त्या लहरीवरून शब्द सोडवून घ्यायची सोय कानात नाही. १२८ केबीपीएसचं एमपी३ साधारण १६ हजाराच्या वरचं सगळं कापून टाकतं. चाळिशीपुढे तिथलं तसंही फारसं ऐकू येत नाही, घरातल्या पोरांना मात्र शिट्टी टोचते. काहीच वाजत नाही असं वाटून माणूस आवाज वाढवत जातो, ट्रॅक संपतो आणि पुढचं गाणं कानात फुटतं.