पदुम-निम्मू मोहिमेचे पैसे घेतले, चिलिंग-निम्मूची फेरी दाखवली

लडाखमधल्या झंस्कार नदीतून पदुम ते निम्मू अशी कॅम्पिंगसह राफ्टिंग मोहीम कुणी तुम्हाला विकत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. गेल्या ऑगस्टमध्ये मी, माझा नवरा, नणंद आणि तिच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी असे आम्ही या मोहिमेला गेलो आणि मोहीम झालीच नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून आयोजकाचं नाव इथे घेत नाही. पण त्याने जे केलं ते तो एकटाच करत असेल असं मला वाटत नाही.

आधी खरी मोहीम कशी असते ते सांगते. पदुमजवळ राफ्ट पाण्यात उतरतात आणि निम्मूला, सिंधू आणि झंस्कारच्या संगमावर बाहेर येतात. मधलं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. सुरुवातीला दरी पसरट आहे, काठावर जवाची शेतं दिसतात. मग पिदमोच्या पुढे कडे जवळ येऊ लागतात आणि न्येराकच्या भागात नदी उभ्या भिंतींमधून वाहते. हिवाळ्यात हीच नदी गोठते आणि तिच्यावरून चादर ट्रेक होतो, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना नाव ओळखीचं असतं. राफ्टिंगचा हंगाम छोटा, साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. माणसांच्या राफ्टबरोबर तंबू, धान्य, स्टोव्ह वाहणारी वेगळी राफ्ट असते. पाण्यात पडलेल्याला गाठायला सेफ्टी कयाकर असतो, म्हणजे कयाक नावाच्या छोट्या, एकट्याच्या होडीतला माणूस. रात्री काठावरच्या वाळूत तंबू लावायचे आणि सकाळी पुन्हा नदीत उतरायचं.

याच नदीचा शेवटचा टप्पा म्हणजे चिलिंग ते निम्मू. तो काही तासांत संपतो. लेहच्या बाजारात राफ्टिंगचा फलक लावलेल्या कुठल्याही दुकानात त्याची जागा आदल्या संध्याकाळी मिळते, तीही काही हजार रुपयांत. टप्पा सुंदर आहे, वाईट अजिबात नाही. पण ती मोहीम नव्हे. आम्हाला विकली ती मोहीम आणि दिला तो हा टप्पा.

आयोजक पुण्यातला. सह्याद्रीत हरिश्चंद्रगड, राजमाचीचे ट्रेक नेणारा, सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याच्याबरोबर नणंद आधी जाऊन आलेली होती आणि ते ट्रेक नीट झाले होते. कोलाडला कुंडलिका नदीवरचं राफ्टिंगही तो करायचा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कुंडलिकेत सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी असतं, नदीच्या बाजूने रस्ता आहे आणि सगळा खेळ दुपारच्या आत आटोपतो. झंस्कार हिमनद्यांच्या पाण्यावर चालते. तिथे पडलेल्या माणसाच्या हातापायातली ताकद गारठ्याने मिनिटांत जाते. कोलाडच्या अनुभवावर झंस्कारची जबाबदारी कुणी घेऊ शकत नाही, आणि त्याने ती घेतलीही नव्हती. तो फक्त पैसे गोळा करत होता.

माणशी बेचाळीस हजार, विमानाचं तिकीट वेगळं. निम्मे मार्चमध्ये, उरलेले निघण्याआधी, दोन्ही वेळा यूपीआयने त्याच्या वैयक्तिक खात्यावर. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं, त्यावर संस्थेचं बोधचिन्ह होतं पण जीएसटी क्रमांक नव्हता. पत्रकात ‘अनुभवी गाईड, सेफ्टी कयाक, सर्व सुरक्षा साहित्य’ असं लिहिलेलं. राफ्ट कोण चालवणार, त्या लेहच्या संस्थेचं नाव कुठेच नव्हतं. नवऱ्याने विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘आपलीच टीम आहे.’

लेहला पोचल्यावर विश्रांती नीट दिली. साडेतीन हजार मीटर उंचीवर ती लागतेच. पदुमला निघायच्या आदल्या रात्री मात्र आयोजकाचा लेहमधला माणूस हॉटेलवर आला. वरच्या भागात पाणी फार वाढलंय, प्रशासनाने पदुमकडून उतरायला बंदी घातली आहे, म्हणून आपण चिलिंगपासून करू, कॅम्प नदीकाठी होईलच, असं त्याने सांगितलं. हे कारण खोटं वाटू नये असंच निवडलेलं होतं. ऑगस्टमध्ये ऊन तापलं की हिमनद्या वितळून पाणी खरंच चढतं आणि कधी कधी मोहिमा खरंच थांबवाव्या लागतात. जिवाशी संबंध आहे म्हटल्यावर माणूस हुज्जत घालत नाही.

चिलिंगच्या काठावर एकच राफ्ट होती. कयाक नव्हता. नणंदेला दिलेल्या लाइफ जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं होतं, ते सुतळीने बांधलेलं. तिने बदलून मागितलं तेव्हा गाईडने स्वतःचं काढून तिला दिलं आणि तुटकं आपण घातलं. तो नेपाळचा मुलगा होता, कामाला पक्का. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याला वाटत होतं की आम्ही नेहमीसारखे एका सकाळपुरते पर्यटक आहोत.

दुपारपर्यंत निम्मूला पोचलो. ‘नदीकाठचा कॅम्प’ म्हणजे गावातल्या फळबागेतले तंबू निघाले, रात्रभर श्रीनगर-लेह महामार्गावरचे ट्रक ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी जीपने पुन्हा चिलिंगला नेलं आणि तोच टप्पा परत केला. आणि तेव्हाच संगमावर आम्हाला दुसरा गट भेटला. सामानाने लादलेल्या राफ्ट, दोन कयाक, उन्हाने करपलेले चेहरे. ते पदुमहून आले होते. बंदी? त्यांच्या गाईडला आमचा प्रश्नच कळेना. पाणी थोडं जास्त होतं, म्हणाला, पण नदी रोज चालू आहे.

मग आम्ही आमच्या गाईडला विचारलं आणि त्याने सरळ सांगितलं, ‘दीदी, आपका बुकिंग तो शुरू से यही है।’ गाईड ज्या दुकानाचा होता, लेहच्या त्या दुकानात जाऊन विचारलं तर तिथल्या वहीत आमच्या नावांपुढे दोन दिवसांच्या जागा आणि तंबू एवढंच होतं. ती नोंद जूनमधली होती. म्हणजे ऑगस्टच्या पाण्याची बातमी द्यायच्या दोन महिने आधीच आमची मोहीम रद्द झालेली होती. त्या पानाचा फोटो दुकानदाराने काढू दिला. आमच्या तक्रारीत सगळ्यात भक्कम कागद तोच आहे.

पैशांचा राग आहेच, पण मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. जो माणूस कयाक नसताना ‘कयाक आहे’ असं लिहितो, तो उद्या स्वस्तात कुणीतरी मिळाला म्हणून एखाद्या गटाला एका राफ्टवर खरंच पदुमहून सोडेल. त्या अरुंद भागात राफ्ट उलटली आणि मागे दुसरी नाव नसली, तर काठावर चढायलाही जागा मिळेलच असं नाही. निम्मूहून पदुममार्गे हिमाचलमधल्या दारचा गावापर्यंतचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, त्यामुळे पदुमला पोचणं सोपं झालं आहे. त्याबरोबर ही मोहीम विकणारेही वाढतील.

म्हणून पैसे घेणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा, की नदीवर आम्हाला कोण नेणार. लेहच्या संस्थेचं नाव आणि तिची लडाख पर्यटन खात्याकडची नोंदणी मागा, मग त्या संस्थेशी स्वतः फोनवर बोला. कुठे उतरणार, रात्री कुठे राहणार, कयाकर किती, सामानाची राफ्ट वेगळी आहे का, हे तिच्याच तोंडून ऐका. आयोजक नाव द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, लडाखचे ३८. पत्रकातले फोटोही बघा. आमच्या पत्रकात तंबूंच्या मागे देवदाराचं दाट रान होतं. झंस्कारच्या घळीत असलं रान नाही, गावांजवळ विलो आणि पॉप्लर दिसतील तेवढेच.

‘नैसर्गिक कारणाने बदल झाल्यास रक्कम परत नाही’ ही अट जवळपास प्रत्येक पत्रकात असते आणि आमच्या आयोजकानेही तीच पुढे केली. कारण खरं असेल तर अट रास्त आहे. पण बंदी आहे म्हणणाऱ्याकडून आदेशाची प्रत मागा, निदान लेखी मेसेज तरी घ्या, आणि त्याच दिवशी बाजारातल्या दुसऱ्या दुकानात चौकशी करा. लेहमध्ये नदी बंद असली की सगळ्यांना माहीत असतं.

परत आल्यावर आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, मग वकिलामार्फत नोटीस पाठवली. त्यावर त्याने निम्मी रक्कम देऊ केली, अट एवढीच की आम्ही याबद्दल कुठेही लिहायचं नाही. आम्ही नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी लेहला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. आयोजक पैसे घेऊन गायबच झाला असेल तर वेळ न घालवता सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर कळवा, खात्यातले पैसे गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

पत्रक, यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, लेहच्या वहीचं पान, हे सगळं आम्ही तारखेप्रमाणे लावून जोडलं आहे. कुणावर अशी वेळ आली असेल तर आमच्या तक्रारीचा मसुदा मी देईन, नावं बदलून वापरा.