शरदबाबूंचं सामताबेडचं घर: जावं का? जावंच!

हावड्याहून खरगपूरकडे जाणारी लोकल पकडली, सामताबेडसाठी देउलटीला उतरले. टोटोवाल्याने (बॅटरीवरची रिक्षा चालवणाऱ्याने) परक्या माणसाचा भाव लावला. दोघा टोटोवाल्यांना भाव विचारून मगच बसा.

घर दुमजली, उतरतं कौलारू छप्पर, चारही बाजूंनी ऐसपैस व्हरांडा. बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय, म्हणजेच शरदबाबू, १९०३ ते १९१६ ब्रह्मदेशात होते, रंगूनला कारकुनी करत. त्या मुलखाची छाप घराच्या बांधणीत दिसते. १९२६ मध्ये ते इथे राहायला आले. त्याच वर्षी त्यांची 'पथेर दाबी' ही कादंबरी निघाली आणि पुढे इंग्रज सरकारने ती जप्त केली.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ते लिहायच्या टेबलापाशी. माझ्या आईने मामा वरेरकरांच्या अनुवादातून सगळे शरदबाबू वाचले होते, दुपारी भांडी घासून झाली की. काच नसती तर हात लावला असता, खोटं कशाला बोलू? राखणदार काका बंगालीत बोलत होते, मला निम्मं कळलं, पण घाई मुळीच नाही केली त्यांनी.

माहितीचे फलक फार थोडे. रूपनारायण नदी आता घरापासून लांब सरकलीय, तरी तिथवर चालत जाच. पाणी आणि खायचं सोबत ठेवा. पाचपैकी चार तारे; एक त्या टोटोवाल्यामुळे गेला.