पंप उतरवण्याआधी पाच लिटरचा कॅन टांगा

टाटाची जुनी 1613 ट्रक, 697 टर्बो इंजिन, मायकोचा इनलाइन पंप, म्हणजे सहा सिलिंडरना दाबाने डिझेल देणारा. (कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, गॅरेजात अजून मायकोच म्हणतात.) तक्रार एवढीच: सकाळी दहा-बारा वेळा सेल्फ मारल्याशिवाय गाडी उठत नाही. एकदा उठली की दिवसभर कितीही बंद-चालू करा, अर्ध्या सेल्फमध्ये धरते. गॅरेजवाल्याने पाना हातात घेण्याआधीच निकाल दिला, "प्रेशर बनत नाही, एलिमेंट घासली." (एलिमेंट म्हणजे पंपात डिझेल दाबणारी प्लंजर-बॅरलची जोडी, दर सिलिंडरला एक.) एअर क्लीनरच्या पाइपात स्टार्टिंगचा स्प्रे मारला, गाडी लगेच उठली. "बघा शेठ, इंजिन ओके. म्हणजे पंपच." सहा एलिमेंट, सहा डिलिव्हरी व्हॉल्व, सहा नोझल, कॅलिब्रेशन आणि मजुरी धरून बिल तीस हजारांच्या वर गेलं. तीन आठवड्यांत पुन्हा तीच घरघर. दोष निघाला टाकीकडून फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाकडे ढकलणारा छोटा पंप) येणाऱ्या रबरी नळीत. क्लिपखाली केसाएवढी चीर, बाहेरून कोरडी ठणठणीत.

ओढीच्या बाजूची गळती अशीच लपते. तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभरात लाइनीतलं डिझेल टाकीत उतरतं आणि सकाळी पंपाला हवाच मिळते. गाडी तोंड वर करून उतारावर लावली तर त्रास वाढतो. घासलेल्या एलिमेंटची खूण वेगळी. तापलेलं डिझेल पातळ होऊन प्लंजरच्या बाजूने निसटतं, त्यामुळे अशी गाडी ढाब्यावर गरम असतानाच अडते. लक्षण सकाळचं आणि बिल एलिमेंटचं, इथेच शंका घ्यायला हवी होती. स्प्रेचं तर सोडाच, कमी कॉम्प्रेशनचं इंजिनही त्यावर उठतं.

मग गाडी तीन आठवडे ठीक कशी चालली? पंप परत बसवताना लाइन सुटते, तांब्याचे वॉशर नवे पडतात, क्लिपा आवळल्या जातात, एअर निघते. गुण त्याचा, पैसे एलिमेंटचे.

कोणी पंपाचं नाव घेतलं की आधी सेल्फ मारताना धुराडं बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर असेल तर पोचतंय पण जळत नाही, तेव्हा नोझल, टायमिंग, कॉम्प्रेशन तपासा. सेल्फच मंद फिरत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग.

धूर नसेल तर कॅन. पाच लिटरचा स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच, सायलेन्सर-टर्बोपासून लांब, घट्ट बांधा. टाकीची नळी काढून कॅनची पारदर्शक नळी फीड पंपाच्या इनलेटला लावा, रिटर्नची (जास्तीचं डिझेल परत आणणारी) नळीही कॅनमध्येच सोडा. हँड प्रायमर (फीड पंपावरचा हातपंप) मारून फिल्टरच्या स्क्रूतून फेस थांबेपर्यंत एअर काढा, गाडी दहा मिनिटं चालवा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पहिल्या सेल्फला उठली तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच: नळी, बँजोचे (नळीच्या जोडाच्या पोकळ बोल्टचे) वॉशर, जाळी, नाहीतर फीड पंपाचा व्हॉल्व. इनलेटवर बोट दाबून प्रायमर मारा. ओढ धरून राहिली नाही तर व्हॉल्व गेला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघा. ते बुजलं तर गाडी अर्ध्या तासाने मरते आणि झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो.

प्रेशरचा वाद गेजने मिटतो. फिल्टर आणि पंपाच्या मधे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून 0 ते 4 बारचं गेज लावा. अशा पंपाला साधारण 1 ते 1.5 बार लागतं, पक्का आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. कमी दाखवलं तर गाडी चालू ठेवून रिटर्नची रबरी नळी क्षणभर चिमटा. काटा चढला तर ओव्हरफ्लो व्हॉल्वची स्प्रिंग ढिली. हलला नाही तर फिल्टर, फीड पंप किंवा मागची ओढ. फीड पंपाचा दांडा घासला तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकचा वासही घ्या.

एवढं करून पंप उतरवायचाच ठरला तर प्लेटवरचा नंबर आणि शिशाच्या सीलचे फोटो काढा, बॉडीवर खूण करा. खोलण्याआधी तो टेस्ट बेंचवर (पंप फिरवून डिझेल मोजायचं मशीन) समोर उभं राहून चालवायला लावा. सहा काचेच्या नळ्यांत डिझेल सारखं चढलं आणि चार्टशी जुळलं, तर एलिमेंट बदलायचं कारणच उरत नाही. 100 आरपीएमची मोजणीही मागा. स्टार्टिंगचं डिझेल तिथेच कळतं, आणि नेमकी तीच मोजणी टाळली जाते. "वेळ नाही, उद्या या," असं ऐकू आलं तर पंप उचलून दुसरीकडे न्या.

जुनी एलिमेंट पिशवीत घालून परत मागा. प्लंजरच्या तिरप्या खाचेजवळ बघा: घासलेल्यावर मळकट पांढरट पट्टा आणि उभे ओरखडे असतात. वरच्या केसमधल्या पिशवीत सहाच्या सहा प्लंजर आरशासारखे होते. पंपाचं सील तुटलेलं, मॅक्स फ्यूएलचा (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू फिरवलेला आणि गाडी चढाला काळा धूर ओकत होती.